साफ केलेला खंदक

जून लागला की आमच्या डिपार्टमेंटच्या जिन्यात बुटांची रांग लागते. कुणी शिलाईवर मेण चोळत असतं, कुणी नव्या लेस ओवत असतं, कुणी गेल्या वर्षीचा चिखल जुन्या टूथब्रशने काढत असतं. स्टेट कॉलेज हे आमचं विद्यापीठाचं गाव तोवर रिकामं झालेलं असतं. कॅम्पसच्या बसमध्ये ड्रायव्हर आणि मी. मैदानावरच्या गवतात संध्याकाळी काजवे उगवतात आणि ते बघायला कुणी उरलेलं नसतं. आम्हा पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांचा हा सीझन. वर्षभर लॅबमध्ये कोंडलेली माणसं या महिन्यात जमीन उकरायला बाहेर पडतात.

माझे बूट पलंगाखाली आहेत. तळव्याच्या खाचांमध्ये पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची काळी माती अजून वाळून बसलेली आहे. मी ती काढलेली नाही. त्या जागेची माझ्याकडे तेवढीच माती आहे. बाकीची समुद्रात गेली, आणि ती कशी गेली हे मी मराठीत आजवर दोनच माणसांना सांगितलं आहे.

तीन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. उन्हाळा म्हणायचं एवढंच, ऊन नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर जून-जुलैत धुकं पडतं ते दुपारपर्यंत हलत नाही. तंबूची आतली बाजू ओली, मोजे ओले, वहीची पानं ओली. पेन्सिलीनेच लिहायचं, कारण शाई पसरते. धुक्यात समुद्र दिसत नसे, पण खाली खडकांवर पडलेल्या सी-लायनचं, म्हणजे समुद्रसिंहांचं भुंकणं दिवसभर ऐकू यायचं, एखाद्या वस्तीतली सगळी कुत्री एकदम पिसाळल्यासारखं. कुजलेल्या समुद्री गवताचा वास केसांत बसायचा आणि आठवड्याने अंघोळ केली तरी जायचा नाही. मी गॅसच्या छोट्या शेगडीवर पोहे करायची. खोदकाम ज्यांच्या हाताखाली चालायचं त्या आमच्या सरांना ते आवडायचे. ते त्यांना ‘पिवळा नाश्ता’ म्हणायचे.

जमिनीचं एक टोक समुद्रात घुसलेलं. तीन बाजूंना सरळ तुटलेले कडे, चौथ्या बाजूला चिंचोळी मान, जेमतेम सत्तर पावलांची. त्या मानेवर आडवा एक बांध. गुडघ्याएवढा उंच, त्याच्या बाहेरच्या अंगाला थोडे दगड, आणि पुढे एक उथळ चर. दोन्हींवर कमरेएवढी चिवट झुडपं माजलेली. पर्यटक पायवाटेने त्यावरून चालत जात आणि त्यांना काही कळत नसे. मला पहिल्या दिवशीच कळलं. मान अडवली की पूर्ण टोक तुमचं; हे कोकणात एकदा पाय ठेवलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तट, खंदक, मागे समुद्र.

पण नोंदीच्या फॉर्मवर आम्ही लिहायचो ‘संभाव्य तटबंदी, इतिहासपूर्व’. सर त्या ‘संभाव्य’वर ठाम होते. दुसरी बाजू म्हणत होती की हा बांध जुन्या काळातल्या कुणा गवळ्याने घातला असणार, गाई कड्यावरून पडू नयेत म्हणून. दुसरी बाजू म्हणजे टोकाचा मालक. त्याला तिथं पर्यटकांसाठी घरं बांधायची होती आणि मानेवरून रस्ता न्यायचा होता. बांध खरोखर प्राचीन ठरला असता तर रस्ता अडला असता. गाईंचा ठरला तर नाही. एवढ्यावर सगळं अडून होतं.

मला त्या शब्दाची चीड होती. अजून आहे. एखाद्या गवळ्याच्या घराची पडकी चूल सापडली तर कुणी ‘संभाव्य चूल’ लिहीत नाही. ज्यांचे कागद आहेत त्यांच्या खुंटीलाही इतिहास आहे. ज्यांची माणसं मारली, हाकलली, ज्यांच्या मुलांना उचलून दूरच्या शाळांत कोंडलं आणि स्वतःच्या भाषेत बोलली म्हणून फटके दिले, त्यांनी मात्र आपण इथं होतो हे मातीच्या थरांतून सिद्ध करायचं. आधी साक्षीदार संपवायचे आणि मग पुरावा मागायचा.

मार्लीन त्या मूळ लोकांपैकी. त्यांच्या जमातीच्या वतीने ती आमच्या कामावर देखरेख करायला यायची. साठीची बाई, पिवळा रेनकोट, घडीची खुर्ची, थर्मास. आम्ही मोजमापं घ्यायचो, ती बघत बसायची. बोलायची कमी, आणि बोलली की टोचायची.

“आज काय ठरलं?” ती मला विचारायची. “आम्ही होतो का?”

“अजून संभाव्य आहात,” मी म्हणायची.

“बरं. आज घरी जाऊन नवऱ्याला सांगते. खूश होईल.”

तिच्या आजीने तिला सांगितलं होतं की त्या टोकावर आपली माणसं उभी राहिली होती. कुणाविरुद्ध, कधी, ते आजीने सांगितलं नाही, किंवा सांगितलं आणि मार्लीन मला सांगत नव्हती. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तिने थर्मासचं झाकण घट्ट केलं आणि म्हणाली, “तुला माती दिली आहे ना? मातीला विचार.”

मातीकडे उत्तर होतं. चराच्या तळाशी, वाऱ्यापावसाने हळूहळू साचलेली जी पहिली माती असते, तिच्यात कोळशाचे कण सापडतात. त्या कोळशाचं वय काढता येतं. गाई येण्याच्या आधीचा कोळसा निघाला तर चर गाईंचा नव्हे. कड्याच्या बाजूचा चर दरडीबरोबर गेला होता, पायवाटेखालचा तुडवून नाहीसा झाला होता. मधला वीसेक पावलांचा तुकडा तेवढा शाबूत होता. तो आम्ही सीझनच्या शेवटच्या आठवड्यात उघडणार होतो. परवानगी तेव्हाची होती.

मी इचलकरंजीची. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. यंत्रमागावरच्या कामगारांची, बुवाबाजीविरुद्धची, नळाला पाणी का येत नाही त्याची. मी वाचायला पत्रकांवर शिकले. गठ्ठे घरी यायचे, शाई हाताला लागायची, स्टीलच्या पट्टीने घड्या घालायच्या. मैद्याची खळ आई करायची आणि बादली मी धरायची. बाबांचे पत्रकाचे नियम पक्के होते. पहिल्या ओळीत काय घडलं ते सांग. विशेषणं काढ. कदाचित, बहुधा, असू शकेल असं लिहिलंस की समोरचा सुटला. आणि शेवटच्या ओळीत वाचकाला काम दे. कुठं यायचं, कधी यायचं, काय करायचं. “नुसतं वाईट वाटायला लावणारं पत्रक हा त्या माणसाचा वेळ खाणं आहे,” ते म्हणायचे.

तर मी तिथं पत्रक काढलं. दुसरं काय करणार होते? शिकलेच तेवढं होते.

इंग्रजी मजकूर आधी मार्लीनला दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला.

“हा नकाशा कशाला?”

“लोकांना कळायला नको कुठं आहे ते?”

“नको,” ती म्हणाली. “कळलं की ते येतात.”

“येऊ देत. जास्त लोक आले तर रस्ता कसा काढतील?”

“पोरी, लोक येण्याचा आम्हाला तुझ्यापेक्षा जास्त अनुभव आहे.”

आमच्या विषयाचाही हाच नियम आहे. जागा जाहीर करायची नाही. मला तो नियम सरंजामी वाटायचा. ज्ञान आमच्या कपाटात आणि चावी आमच्या कमरेला. तरी मार्लीनने सांगितलं म्हणून इंग्रजी पत्रकातून नकाशा काढला. गावातल्या किराणा दुकानात, लाँड्रीत, पोस्टाबाहेर ते वाटलं. चारपाच जणांनी घडी करून खिशात घातलं. एका बाईने त्यात च्युइंगगम गुंडाळला.

मधल्या एका सुट्टीला मी सनीव्हेलला गेले. सुधीरकाका बाबांचे शाळेपासूनचे मित्र, तिथल्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. ते आणि वर्षाकाकू. अपार्टमेंटमध्ये शिरल्यावर काकूंनी आधी मला बाथरूममध्ये ढकललं. “अगं, माशासारखा वास मारतोय तुझ्या अंगाला. बॅग बाहेर ठेव.” मग वरणभात. कोरडे मोजे. काकांचा प्रिंटर.

काका आपल्याकडे होते तेव्हा दर रविवारी गडावर जायचे. इथंही त्यांचा ट्रेकचा ग्रुप होता, पुण्याची, नागपूरची, मुंबईची सगळी. त्यांना टोकाबद्दल सांगितलं तर जेवता जेवता थांबले.

“कुणाचा किल्ला?”

“इथल्या मूळ लोकांचा. बहुतेक.”

“राजा कोण?”

“राजा नाही काका.”

“लढाई कुठली झाली?”

“माहीत नाही.”

“नाव काय गडाचं?”

“नाव आम्हाला ठाऊक नाही.”

काकांनी भातावर वरण वाढून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे पोवाडा नाही, बखर नाही, काहीच नाही. नुसता उभा आहे बिचारा.” आणि काकूंना म्हणाले, “बघ गं, आपण तीनशे वर्षांचं कौतुक करत बसतो.”

त्या संध्याकाळी त्यांच्या डायनिंग टेबलावर मी मराठी पत्रक लिहिलं. आपल्या माणसांसाठी. त्यात मी ‘संभाव्य’ लिहिलं नाही. समुद्राच्या टोकावर, झुडपांखाली एक किल्ला आहे, असं लिहिलं. त्याला राजा नाही म्हणून वालीही नाही, असं लिहिलं. खाली नकाशा काढला, हायवेचा नंबर, गाडी कुठं लावायची, पायवाट कुठून फुटते. मार्लीनला दिलेला शब्द इंग्रजी पत्रकाबद्दल होता, अशी मी माझी समजूत घातली. आणि सात तास गाडी चालवून येणार कोण? शेवटच्या ओळीत मात्र काम द्यायला हवं होतं. मी लिहिलं: हा किल्ला वाचवायला आपणच आलं पाहिजे. या.

काकांनी ते ग्रुपवर टाकलं. बाबांनाही पाठवलं. बाबांचा फोन आला. “शेवट चांगला जमलाय,” म्हणाले. मला रडू आलं, इतकं बरं वाटलं.

जुलैच्या शेवटाला आम्हाला तीन दिवसांची सुट्टी होती. सर, मी, बाकीची मुलं तासाभरावरच्या गावात मोटेलमध्ये होतो, कपडे धुवायला आणि गरम पाण्यासाठी. रविवारी दुपारी काकांचा मेसेज आला. फोटो नव्हता. फक्त, ‘लवकर ये. सरप्राइज आहे.’ मी मार्लीनला फोन केला, ती त्या मोटेलच्या गावाजवळच राहायची. आम्ही तिच्या गाडीतून गेलो. त्या दिवशी नेमकं ऊन पडलं होतं. आख्ख्या सीझनमधलं सगळ्यात स्वच्छ ऊन.

पायवाटेवरूनच मराठी ऐकू आलं. पंचवीसेक माणसं. हातात फावडी, घमेली, झुडपं कापायच्या कात्र्या. बायकांनी डोक्याला ओढण्या बांधलेल्या. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी गडावर जाऊन झुडपं काढतात, टाकी उपसतात, ढासळलेले चिरे पुन्हा रचतात. सगळ्यांनी तरुणपणी ते केलेलं होतं. त्यांना हात बसलेला होता. शनिवार पूर्ण आणि रविवार दुपारपर्यंत त्यांनी श्रमदान केलं होतं. बांधावर एक झुडूप शिल्लक नव्हतं. बाहेरचे दगड एकावर एक नीट रचलेले, मध्ये फटी राहिल्या तिथं बारीक दगड ठोकलेले. आणि चर. चर खालच्या पिवळ्या मुरमापर्यंत साफ केलेला होता. वीसच्या वीस पावलं. खराट्याने झाडलेला होता.

“आता कसा खंदक दिसतो बघ,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि तळव्यांना फोड आले होते.

“माती,” मी म्हणाले. “काका, माती कुठं टाकली?”

“खाली. समुद्रात. कचरा नाही केला कुठं.”

मग ते मला सगळं सांगत राहिले. कुणीतरी भगवा आणला होता, पण काकांनीच लावू दिला नाही. हा त्यांचा किल्ला आहे, झेंडा त्यांनी लावायचा, असं ठरलं. नागपूरच्या एका माणसाची कंबर धरली तरी तो फावडं सोडत नव्हता. “यार, ऑफिसमध्ये वर्षभर केलेलं एक काम आठवत नाही,” तो माणूस मला म्हणाला, “हे आठवेल.” मी हसले. मी खरंच हसले. माझ्या तोंडावर दुसरं काही येईना.

काकूंनी मार्लीनला फॉइलमधलं थालीपीठ दिलं. ती चराच्या काठावर उभी राहून खाली पाहत होती. तिने ते घेतलं. सावकाश, पूर्ण खाल्लं. बोटं पुसली.

“किती मेहनत केलीत तुम्ही,” ती काकूंना म्हणाली.

परत जाताना गाडी तीच चालवत होती. मला वाटलं आता ती नकाशाबद्दल विचारेल. वळणावर तिने वेग कमी केला आणि म्हणाली, “पंचवीस माणसं. दोन दिवस. माझ्या जन्मात आमच्यासाठी एवढी माणसं कधी आली नव्हती.”

तिच्या आवाजात राग असता तर मी काही उत्तर दिलं असतं.

पुढचं थोडक्यात आहे. शेवटच्या आठवड्यात आम्ही परवानगीप्रमाणे चर उघडायला गेलो आणि उघडायला काही नव्हतं. मुरमावर फावड्यांच्या ताज्या धारा. बांधाचे दगड कुठले मूळचे आणि कुठले आता बसवलेले ते सांगता येईना. सरांना मी खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी अहवालात लिहिलं, जागा विस्कळीत, काळ ठरवणं आता शक्य नाही. एका कागदावर ‘संभाव्य’ होतं त्याच्या खाली ही ओळ आली आणि फाइल बंद झाली. जे शब्द मला दुबळे वाटायचे ते खरं तर उघडं ठेवलेलं दार होते, हे मला तेव्हा कळलं, आणि कळून उपयोग नव्हता. रस्ता झाला. बांधाच्या मधून, साफ केलेल्या खंदकावर भराव टाकून.

काकांना मी फोनवर सांगितलं. त्यांना समजायला वेळ लागला.

“पण आम्ही तर नुसतं साफ केलं गं.”

“हो काका.”

“दगड तर आम्ही पडलेलेच लावले.”

“हो.”

“तू त्या दिवशी बोलली का नाहीस?” मग लगेच, “नाही, बरोबर आहे. काय बोलणार होतीस.” फोन ठेवताना म्हणाले, “ग्रुपला मी सांगतो.”

त्यांनी सांगितलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. दर वर्षी जुलै संपत आला की त्यांच्या फोनमध्ये तो जुना फोटो आपोआप वर येतो आणि ते तो ग्रुपवर टाकतात, मलाही पाठवतात. पंचवीस माणसं, घामेजलेली, फावडी खांद्यावर, मागे निळा समुद्र. उजवीकडे काकूंच्या शेजारी मार्लीन, त्या उन्हातही पिवळ्या रेनकोटात. खाली हृदयं उमटत जातात. ‘आयुष्यातला बेस्ट वीकेंड.’ ग्रुपमधल्या काहींच्या मुलींनी कॉलेजच्या अर्जात त्याबद्दल लिहिलं आहे. या वर्षी पुन्हा येईल. मी गेली दोन वर्षं त्यावर अंगठा उमटवला आहे.

बाबांनाही फोनवर सांगितलं. पंख्याचा आवाज येत होता.

“चूक झाली तर दुसरं पत्रक काढायचं असतं,” ते म्हणाले. “त्यात लिहायचं काय चुकलं ते. आडपडदा ठेवायचा नाही.”

“आणि शेवटच्या ओळीत?”

पंखा फिरत होता.

“ते आता मलाही सुचत नाही,” बाबा म्हणाले.

म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. मी लहानपणापासून मानत आले की खरं ते एका पानावर नीट लिहिलं आणि पुरेशा हातांत पोचवलं की काहीतरी हलतं. हललंच की. माझ्या आयुष्यात एकच पत्रक असं निघालं की ज्याचा प्रत्येक शब्द लोकांनी मनावर घेतला. बाकीची खिशात गेली, च्युइंगगमला गेली. हे एक पोचलं. मार्लीनच्या लोकांशी आजवर जे जे घडलं ते द्वेषातून, लोभातून घडलं असं मी लिहीत आले, आणि ते खरं आहे. शेवटची फावडी मात्र माझ्या माणसांनी प्रेमाने मारली, माझ्या सांगण्यावरून. मालकाला हात घाण करावे लागले नाहीत.

मार्लीनला मी पत्र पाठवलं होतं. नकाशाचंही लिहिलं. उत्तर आलं नाही. तिने उत्तर द्यावं असं काही मी त्यात दिलंही नव्हतं.

जिन्यात बूट कमी होत चालले आहेत. मुलं निघाली, कुणी अलास्काला, कुणी पूर्वेकडे मेन राज्याच्या किनाऱ्याला. तिथंही अशी टोकं आहेत, अशा माना, अशा झुडपांखालच्या उंचवट्यांसमोर पेन्सिलीने लिहिलेलं ‘संभाव्य’. मी लॅबमध्ये दुसऱ्यांच्या फॉर्मवरून नोंदी चढवते. तो शब्द कुणी खोडलेला दिसला की परत लिहिते.

काकांच्या ग्रुपमधलं कुणी हे वाचत असेल तर: तुम्ही आलात ते मी बोलावलं म्हणून. तुम्ही जे उपसलं तो कचरा नव्हता. हे तुम्हाला त्याच दुपारी सांगायला हवं होतं.

तुम्ही आता करण्यासारखं काही नाही. माफी मागायला तिकडे जाऊ नका, फुलं घेऊन जाऊ नका, रस्ता उखडायला जाऊ नका. त्या टोकाचं नाव मी या लेखात कुठंही लिहिलेलं नाही. आता लिहिलं तरी बिघडायचं काही उरलेलं नाही. तरी लिहिलेलं नाही.